कृश देह आणि सुटलेले पोट : मराठी आहारविषयक लेखनातील उत्तरवयीन स्त्रीच्या विचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

गेल्या काही दशकांत मराठीत आहार व आरोग्य या विषयांवरील लेखन विपुल प्रमाणात झाले आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक, व्याख्यानमाला आणि स्वतंत्र पुस्तके यांतून वजन कसे कमी करावे याचे मार्गदर्शन सातत्याने होत असते. या लेखनाने सर्वसामान्य मराठी वाचकाला आपल्या ताटाकडे डोळसपणे पाहावयास शिकविले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि या लेखनात एक व्यक्ती क्वचितच भेटते. पन्नाशी-साठी ओलांडलेली, हातापायांनी वाळलेली, वजन वाढविण्याची गरज असलेली आणि तरीही पोट सुटलेली स्त्री ही ती व्यक्ती होय. ती आपल्या घराघरांत आहे. पोट पाहून तिला कमी खाण्याचा आणि हडकुळे हात पाहून अधिक खाण्याचा सल्ला दिला जातो. दोन्ही सल्ले एकाच दिवशी, एकाच स्वयंपाकघरात मिळतात आणि त्यांपैकी कोणता मानावा हे तिला कळत नाही.

मराठी आहारविचाराने या स्त्रीकडे कसे पाहिले, त्या पाहण्यात काय निसटले आणि जे निसटले त्याची भरपाई कशी करता येईल, असे तीन प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतले आहेत. हा विचार अधांतरी राहू नये म्हणून रायगड जिल्ह्यातील पनवेलनजीकचे करंजाडे हे गाव संदर्भभूमी म्हणून समोर ठेवले आहे.

१. संदर्भभूमी : करंजाडे

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादित करण्याचे धोरण ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेला लढा, त्यात गेलेले पाच बळी आणि त्यानंतर आलेली साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना हा इतिहास या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. पुढे नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी दहा गावांतील कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. त्यांच्या पुनर्वसनासाठी निवडलेल्या ठिकाणांत वडघर-करंजाडे परिसराचा समावेश होता. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबईहून घरासाठी आलेली मध्यमवर्गीय कुटुंबे आणि जमीन गमावून आलेली आगरी-कोळी कुटुंबे आज करंजाडेत शेजारी-शेजारी राहतात.

या स्थित्यंतराचा हिशेब आपण सामान्यतः जमीन, मोबदला आणि रोजगार या भाषेत मांडतो. शरीराच्या भाषेत तो फारसा मांडला गेलेला नाही. भाताची आवणी, कापणी, मिठागरावरील काम, खाडीतील मासेमारी आणि डोक्यावर पाटी घेऊन केलेली विक्री या श्रमांनी येथील स्त्रीच्या मांड्या, पाठ आणि दंड घडविले होते. त्या श्रमांत शोषण होते, झीज होती, बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती नव्हती. त्यांचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. परंतु ते थांबले तेव्हा त्यांच्या जागी दुसरे कोणतेही शारीरिक काम आले नाही. शेत गेले, उखळ-मुसळ गेले, पाणी नळाला आले आणि घर तिसऱ्या मजल्यावर गेले. स्नायूंना काम उरले नाही आणि ताट मात्र पूर्वीचेच, भातप्रधान राहिले. मुंबईहून आलेल्या निवृत्त शिक्षिकेची किंवा कारकून स्त्रीची वाट निराळी असली, तरी ती पोहोचते याच ठिकाणी. म्हणूनच ही समस्या एखाद्या व्यक्तीच्या आळसाची किंवा खादाडपणाची मानता येत नाही.

२. परंपरेतील दोन व्यक्ती

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांचा विचार आला असून त्यांपैकी अतिस्थूल व अतिकृश या दोहोंची चर्चा विस्ताराने केली आहे. अतिस्थूल मनुष्याच्या शरीरात मेद तेवढा साठत जातो आणि अन्य धातूंचे पोषण त्या प्रमाणात होत नाही, असे निरीक्षण तेथे आहे. ज्याचे मांस प्रमाणात आहे आणि शरीराची बांधणी सम आहे तो मनुष्य उत्तम मानला आहे. मांस आणि मेद हे दोन वेगळे धातू आहेत आणि एकाची वाढ म्हणजे दुसऱ्याची वाढ नव्हे, हे भान या मांडणीत स्पष्ट दिसते.

मराठी बोलीनेही हा भेद काही अंशी जपला आहे. 'अंग धरणे', 'अंगावर मांस चढणे' हे आपण प्रकृती सुधारल्याचे लक्षण मानतो. 'पोट सुटणे' हे मात्र बिघाडाचे. तरीही परंपरेने स्थूल आणि कृश या दोन भिन्न व्यक्ती मानल्या, ही तिची मर्यादा होय. एकाला लंघन, दुसऱ्याला बृंहण असे उपचारांचे वाटप त्यामुळे सोपे झाले. एकाच देहात मेद वाढलेला आणि मांस घटलेले असेल तर काय करावे, हा प्रश्न त्या वाटपात नीट बसत नाही. आधुनिक मराठी आहारलेखनाने परंपरेतील मांस-मेद हा उपयुक्त भेद सोडून दिला आणि दोन व्यक्तींची विभागणी मात्र तशीच ठेवली, असे म्हणावे लागते. वजनाच्या काट्याने हे काम अधिकच सोपे केले. काट्याला मांस आणि मेद यांतील फरक कळत नाही.

३. मोजमापातील त्रुटी

काट्याची ही मर्यादा दाखवून देणारे महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, २२.३ इतका सारखाच होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. बारीक दिसणारा भारतीय देह आत चरबी बाळगून असू शकतो, हे यापेक्षा कमी शब्दांत सांगता येणार नाही.

याच संशोधनपरंपरेत १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. तेथील बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती. परंतु त्यांच्यात स्नायू जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. या अभ्यासाची चर्चा होते ती प्रामुख्याने बाळाच्या भवितव्याच्या अंगाने. आई त्या चर्चेत गर्भाचे पोषण करणारी म्हणून येते. त्या काळी विशीत असलेल्या त्या कृश माता आज पन्नाशीत आहेत. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन घटते आणि पूर्वी नितंब व मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे वळू लागते. त्याच वयात स्नायूंची झीजही वेग घेते. म्हणजे वजन तेवढेच राहिले, किंबहुना कमी झाले, तरी पोटाचा घेर वाढू शकतो. ज्या स्त्रीने तारुण्यातच अपुऱ्या स्नायूंचे भांडवल घेऊन आयुष्य सुरू केले, तिला या वयात हानी सोसण्याची शक्ती कमी असते.

शासकीय पाहण्यांचे चित्रही विचार करण्याजोगे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आणि २४ टक्के जादा वजनाच्या आढळल्या. याच फेरीत प्रथम कंबर व नितंब यांचे माप घेतले गेले आणि ५६.७ टक्के स्त्रियांचे कंबर-नितंब गुणोत्तर धोक्याच्या मर्यादेत, म्हणजे ०.८५ वा त्याहून अधिक आढळले. जादा वजनाच्या स्त्रिया चोवीस टक्के आणि धोक्याच्या घेराच्या स्त्रिया छप्पन्न टक्क्यांहून अधिक, यांतील अंतर हाच आपल्या विषयाचा गाभा आहे. वजनाच्या काट्यावर 'ठीक' ठरलेल्या कित्येक स्त्रिया टेपवर धोक्यात आहेत. तथापि ही मापे १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांचीच आहेत. प्रजननाचे वय संपले की स्त्री या मापनातून बाहेर पडते. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या वार्धक्यविषयक पाहणीने ४५ वर्षांवरील व्यक्तींची मापे घेऊन ही उणीव बऱ्याच अंशी दूर केली. मात्र लोकप्रिय मराठी लेखनात त्या पाहणीला मिळावयास हवे होते तेवढे स्थान मिळालेले नाही.

४. 'दीक्षित की दिवेकर' : एका वादाची मर्यादा

२०१८-१९ च्या सुमारास मराठी घराघरांत 'दीक्षित की दिवेकर' हा वाद रंगला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारित, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे, शिवाय ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असा डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा आग्रह. थोड्या थोड्या अंतराने, स्थानिक व पारंपरिक अन्न निर्धास्तपणे खावे, तूप-भाताला भिऊ नये, असा ऋजुता दिवेकर यांचा. दोघांचेही सामर्थ्य मान्य केले पाहिजे. डॉ. दीक्षितांनी कोणतेही उत्पादन न विकता, मोफत व्याख्यानांतून सामान्य माणसाला पेलेल असा एक नियम दिला. दिवेकरांनी परदेशी खाद्यपदार्थांच्या दडपणातून मराठी स्त्रीची सुटका केली आणि व्यायामात वजने उचलण्याचे महत्त्व सांगितले. त्यांचे २०१० चे 'विमेन अँड द वेट लॉस तमाशा' हे पुस्तक तर स्त्रीच्या आयुष्यातील निरनिराळ्या टप्प्यांचा विचार करते.

तरीही हा वाद बहुतांशी किती वेळा खावे या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला. कोणी, कोणत्या वयात आणि कोणत्या देहाने खावे, हा प्रश्न मागे पडला. 'वेट लॉस' हा शब्द दोन्ही बाजूंच्या शीर्षकांत आहे. डॉ. दीक्षितांच्या 'विनासायास वेटलॉस'चा अभिप्रेत वाचक जादा वजनाचा किंवा मधुमेहाच्या उंबरठ्यावरील प्रौढ आहे. त्याच्या दृष्टीने तो सल्ला हितकारक ठरू शकतो. पण पुस्तकातील सल्ला समाजात पसरताना त्याच्या अटी गळून पडतात आणि नियम तेवढा उरतो. सुनेने वजन कमी केले म्हणून पंचेचाळीस किलो वजनाची सासूही दोनच वेळा जेवू लागते. तिची भूक आधीच मंदावलेली, दात सैल झालेले. दोन जेवणांत तिला पुरेसे अन्न, विशेषतः पुरेशी प्रथिने पोटात घालणे कठीण जाते. वजन उतरते आणि त्यासोबत चरबीबरोबर स्नायूही जातात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका वेगळाच. उलटपक्षी 'तूप-भाताला भिऊ नका' एवढेच वाक्य ऐकून ताटात केवळ तूप-भात वाढला, तर वजन वाढेल. पण ते पोटावर.

येथे मराठी पाकशास्त्रीय लेखनाचाही विचार करावयास हवा. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याचे घरगुती प्रमाण देऊन असंख्य नवशिक्या गृहिणींना आत्मविश्वास दिला. परंतु पाककृतीतील प्रमाण कुटुंबासाठी असते. त्या वरणातील डाळ सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाटीत किती उतरली, हे पाकपुस्तक सांगू शकत नाही आणि त्याने ते सांगावे अशी अपेक्षाही नाही. आहारलेखनाने मात्र ते विचारावयास हवे होते. उपवासाच्या पदार्थांवर आपल्याकडे कौतुकाने लिहिले जाते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे आणि त्या खिचडीत जी काही प्रथिने असतात ती शेंगदाण्याच्या कुटाची, हे त्या कौतुकात क्वचितच येते. सोमवार, चतुर्थी आणि एकादशी पाळणाऱ्या वृद्ध स्त्रीच्या महिन्याचा हिशेब केल्यास ही बाब किरकोळ राहत नाही.

५. पर्यायी विचाराची दिशा

मग या स्त्रीने करावे काय? केवळ पोटाची चरबी उतरविणारा पदार्थ किंवा व्यायाम अस्तित्वात नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. वजन वाढविताना थोडी चरबीही वाढणारच, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. वाढणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा अधिकाधिक असावा, एवढे उद्दिष्ट मात्र साध्य होण्याजोगे आहे.

बोस्टन येथील संशोधक मारिया फियातारोन व त्यांचे सहकारी यांचे दोन अभ्यास या संदर्भात मार्गदर्शक ठरतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम दिला असता पायांच्या स्नायूंची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ च्या दुसऱ्या अभ्यासात वृद्धाश्रमातील शंभर व्यक्तींवर प्रयोग झाला. व्यायामाविना दिलेल्या पूरक आहाराने स्नायूंचा दुबळेपणा हटला नाही. व्यायामाने तो कमी झाला. 'खा, म्हणजे अंग धरेल' या आपल्या घरगुती समजुतीला हे थेट उत्तर आहे. स्नायूंना काम दिल्याखेरीज खाल्लेले अन्न त्यांच्याकडे पुरेसे वळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शिकेत वृद्धांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा असे सुचविले आहे. चालणे हृदयाला आणि पोटालाही उपकारक आहे. तथापि केवळ चालण्याने दंड व पाठ बळकट होत नाहीत. त्यासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला तळहात लावून शरीर मागे-पुढे करणे, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणे, हे करंजाडेतील दोन खोल्यांच्या घरातही शक्य आहे. भार मात्र हळूहळू वाढत जावयास हवा. आवणीने आणि पाटीने जे नकळत होत असे, ते आता जाणीवपूर्वक करावे लागणार.

आहाराचा हिशेबही आवाक्यातला आहे. निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम असावीत अशी शिफारस एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये केली. म्हणजे ४५ किलोच्या स्त्रीला किमान ४५ ग्रॅम. दिवसभरातील २०० ग्रॅम धान्यातून सुमारे १६ ग्रॅम, ६० ग्रॅम कोरड्या डाळ-कडधान्यातून १३ ते १४ ग्रॅम, ३०० मिलिलिटर दूध-दह्यातून ९ ग्रॅम आणि एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळाली की हा आकडा गाठता येतो. करंजाडेच्या परिसराला यासाठी दूर पाहण्याची गरज नाही. भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर घेतला जाणारा वाल, त्याचे बिरडे, सुका जवळा, बोंबील ही येथील अन्नसंस्कृती प्रथिनांनी समृद्धच आहे. सुक्या मासळीतील मीठ रक्तदाब असणाऱ्यांनी धुऊन, बेताने घ्यावे एवढेच. प्रश्न पदार्थांच्या उपलब्धतेपेक्षा वाढणीचा अधिक आहे. बिरडे पुरुषांच्या आणि नातवंडांच्या ताटात जाते आणि रस्सा-भात आजीच्या. तिचे वजन वाढावयाचे असेल तर भाताची मूद वाढविण्याऐवजी वाटीतला वाल वाढावा लागेल आणि तो सकाळ, दुपार, रात्र असा विभागून तिच्या पोटात जावा लागेल. साखरेचा चहा, बिस्किटे, फरसाण यांतून येणारे वजन पोटाकडेच जाण्याचा संभव अधिक.

या ठिकाणी एक इशारा देणे कर्तव्य ठरते. उत्तरवयात कारण नसताना वजन घटणे हे मधुमेह, थायरॉईडचे विकार, क्षयरोग किंवा कर्करोग यांचे लक्षण असू शकते. रजोनिवृत्तीनंतर पोट सतत फुगलेले राहणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, ही बीजाशयाच्या कर्करोगाचीही चिन्हे असू शकतात. 'वयानुसार पोट सुटले' या एका वाक्याखाली या गोष्टी झाकल्या जातात. म्हणून आहार बदलण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारून ठरवावे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की मराठी आहारलेखनाने वजन आणि पोट या दोन गोष्टी एकच मानल्या, आणि या समीकरणात न बसणारी उत्तरवयीन कृश स्त्री त्याच्या कक्षेबाहेर राहिली. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट' आयोगाने आणि भारतीय तज्ज्ञांनीही स्थूलतेच्या निदानासाठी केवळ उंची-वजनाचा निर्देशांक पुरेसा नसल्याचे स्पष्ट केले. आपल्या लेखनाने हे भान लवकर आत्मसात करावयास हवे.

त्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर मानली जाते. स्नायूंच्या झीजेचा संशय घेण्यासाठी आशियाई कार्यगटाने २०१९ मध्ये स्त्रीच्या पोटरीच्या घेराची मर्यादा ३३ सेंटिमीटर सुचविली. शिंप्याकडील एका टेपने ही दोन्ही मापे घेता येतात. कंबर ८० च्या वर आणि पोटरी ३३ च्या खाली, अशी स्त्री आढळली की तिला 'कमी खा' किंवा 'अधिक खा' एवढेच सांगून भागणार नाही, हे ओळखावे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रक्तदाब व साखर तपासण्याची प्रथा रूढ आहे; तिच्या जोडीला ही दोन मापे आणि खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास लागणारा वेळ यांची नोंद सहज घेता येईल. गृहविज्ञान, समाजशास्त्र आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन करावे असे हे काम आहे. करंजाडेसारख्या वसाहतीत जमीन गेल्याची नोंद सातबाऱ्यावर झाली. त्या जमिनीबरोबर तेथील स्त्रियांच्या देहातून काय गेले, याची नोंद अद्याप व्हावयाची आहे.